लॉ कॉलेज चौकाजवळचा इंग्रजीचा क्लास : अकरा महिन्यांनंतरचं माझं मत

मी नागपूरजवळ वाडीला एका गोडाऊनमध्ये इनवर्ड आणि डिस्पॅच, म्हणजे येणारा-जाणारा माल, पाहतो. वय ४४. शिक्षण बारावी, सगळं मराठी माध्यमातून, काटोल तालुक्यातल्या शाळेत. बिल्टी (मालासोबतची ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद), हॉल्टिंग (गाडी अडकून उभी राहणं), शॉर्टेज, डॅमेज हे शब्द दिवसभर तोंडात असतात, आणि मेलही मीच लिहितो. त्यामुळे कामापुरतं इंग्रजी आपल्याला येतं, याची मला खात्री होती. गेल्या वर्षी जुलैमध्ये ती खात्री गेली. कशी गेली ते आधी सांगतो, म्हणजे या क्लासबद्दल मी इतकं का लिहितोय ते कळेल.

संध्याकाळी साडेसहाला रायपूरकडून एक गाडी लागली. शाळेच्या वह्यांच्या ३४० पेट्या. दिवसभर पाऊस सुरू होता आणि ड्रायव्हरच्या बाजूची ताडपत्री फाटलेली होती. मी खालच्या थराच्या दोन-तीन पेट्यांना हात लावून पाहिला, पुठ्ठा थंडगार आणि नरम लागला. अंधार पडला होता, हमाल निघायच्या घाईत होते, पेट्या उघडून पाहणं शक्य नव्हतं. मी परराज्यातल्या ऑफिसला मेल टाकला : ‘आय डाउट दॅट द बॉटम कार्टन्स आर वेट.’ माझ्या मनात होतं, खालच्या पेट्या भिजल्या असाव्यात असा मला डाउट आहे. आपण रोज असंच बोलतो ना, ‘मला डाउट आहे की तो येणार नाही’. तिकडच्या साहेबांनी ते इंग्रजीत जसं वाचायला हवं तसं वाचलं : पेट्या भिजल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याला बिनशेऱ्याची पोच देऊन टाकली. सकाळी थर उतरवला तर ४६ पेट्या फुगलेल्या. क्लेम अडकला, कारण आमच्याच मेलमध्ये माल कोरडा असल्याचं लिहिलेलं. पुढच्या मीटिंगमध्ये ते वाक्य पडद्यावर मोठं करून दाखवलं गेलं. माझ्या पगारातून काही कापलं नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इंग्रजी शिकायचा प्रयत्न मी त्याआधीही केला होता. बर्डीवरच्या एका क्लासमध्ये तीन महिन्यांचे १४,५०० रुपये भरले होते. तिथे पहिल्याच दिवशी हजार शब्दांची झेरॉक्स मिळाली, ए अक्षरापासून लावलेली. ॲबंडन, ॲबेट, ॲब्हॉर. रोज पंचवीस पाठ करायचे आणि शनिवारी स्टेजवर उभं राहून ‘माय एम इन लाइफ’वर बोलायचं. ‘ॲब्हॉर’ हा शब्द मला आजपर्यंत एकदाही लागलेला नाही. ‘सस्पेक्ट’, म्हणजे तसं असावं असा संशय असणं, हा शब्द मला त्या भिजलेल्या पेट्यांच्या मेलमध्ये लागला, आणि यादीतल्या एसपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, ते आलमारीत आहे.

आता या क्लासबद्दल. लॉ कॉलेज चौकाजवळच्या एका गल्लीत जुन्या दुमजली घराच्या गच्चीवर टिनाचं शेड आहे, तिथे एक निवृत्त शिक्षिका हा क्लास घेतात. पाटी नाही, जाहिरात नाही. नाव-नंबर छापू नका असं त्यांनी मला सांगितलं आहे, म्हणून मी फक्त मॅडम म्हणतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ. फी महिन्याला ९०० रुपये, महिना संपल्यावर द्यायची. वाडीहून अमरावती रोडने घरी जाताना वाटेतच पडतं, म्हणून मी गेलो. आमच्या बॅचला अठरा जण आहेत : दवाखान्यातल्या दोन नर्स, इतवारीतल्या साडीच्या दुकानातला एक सेल्समन, मेट्रो स्टेशनवर ड्युटी करणारा एक मुलगा, मेस चालवणाऱ्या एक ताई, बाकी कॉलेजची पोरं.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, ‘भाऊ, आज दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोलले तुम्ही?’ मी आठवून म्हणालो, ‘गाडी लागून राहिली, थांबा.’ त्यांनी तेच वाक्य तसंच्या तसं, नागपुरीतच, फळ्यावर लिहिलं. ते शुद्ध केलं नाही. माझ्या मनात या क्लासबद्दल जी जागा झाली ती तिथेच. चाळीस वर्षं शाळेपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी ‘करून राहिलो’ म्हटलं की टोकलं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘हे राहिलं-राहिलो तुमच्याकडचं भांडवल आहे. करून राहिलो म्हणजे आय ॲम डूइंग. जाऊन राहिलो, आय ॲम गोइंग. गाडी लागून राहिली, द ट्रक इज पार्किंग. आणि मी रोज गाडी लावतो, तिथे राहिलो येत नाही, म्हणून आय पार्क.’ शाळेत साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांच्या व्याख्या मी पाठ केल्या होत्या, पण मेल लिहिताना ‘आय ॲम सेंडिंग डेली रिपोर्ट एव्हरी इव्हनिंग’ असंच लिहीत होतो. त्या संध्याकाळनंतर ती चूक माझ्याकडून क्वचितच झाली असेल.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मेसवाल्या ताई म्हणाल्या, ‘मॅडम, मले समजून नाही राहिलं.’ मॅडमनी लगेच ते वाक्य पकडलं. आपण समजून राहिलं, दिसून राहिलं, आवडून राहिलं बिनधास्त म्हणतो, पण इंग्रजीत ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हणत नाहीत, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणतात. समजणं, माहीत असणं, आवडणं, जवळ असणं, ही कामं नाहीत, अवस्था आहेत. त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. त्यातूनच ‘हॅव’ निघाला आणि तो तास पावणेदहापर्यंत चालला.

मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याकडे दोन ट्रक आहेत. मला दोन मुली आहेत. माझं वाडीला घर आहे. मला ताप आहे. चारही ठिकाणी आपण ‘आहे’वर भागवतो आणि फरक ‘माझ्याकडे’, ‘मला’, ‘माझं’ यांत ठेवतो. इंग्रजी मात्र चारही ठिकाणी एकच ‘आय हॅव’ वापरते : आय हॅव टू ट्रक्स, आय हॅव टू डॉटर्स, आय हॅव अ हाउस, आय हॅव अ फीव्हर. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू डॉटर्स’ चूक. आणि ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, आणि जेवणं हे काम आहे. साडीच्या दुकानातला भाऊ तोपर्यंत गिऱ्हाइकांना ‘वुई आर हॅविंग पैठणी ऑल्सो’ म्हणत होता. बुधवारी येऊन त्याने सांगितलं की आज त्याने तीन वेळा ‘वुई हॅव’ म्हटलं, मोजून.

हे मोजून सांगणं हीच क्लासची पद्धत आहे. प्रत्येकाने आपल्या दिवसातलं एक मराठी वाक्य आणायचं. ते फळ्यावर इंग्रजीत होतं. मग त्या शब्दाची आणखी दोन वाक्यं मॅडम देतात आणि एक वाक्य मुद्दाम चुकीचं, ते आपण ओळखायचं. पुढच्या दिवशी, ते वाक्य कुठे वापरलं, कोणाला बोललो, ते सांगायचं. वापरलं नसेल तर ते वहीतल्या नव्या पानावर जात नाही. वही दोनशे पानी. डाव्या पानावर मराठी, उजव्यावर इंग्रजी, खाली लाल पेनाने तारीख टाकून स्वतःची चूक. माझी दुसरी वही सुरू आहे. नववीतली मुलगी रविवारी ती तपासते. ‘बाबा, इथे दि राहिला,’ हे तिचं नेहमीचं.

तो ‘दि’ आणि ‘ए’, म्हणजे आर्टिकल, मला सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे ते नाहीच. मॅडमनी माझ्याच धंद्यातून रस्ता काढला. ‘एक गाडी आली आहे. ती गाडी रायपूरची आहे.’ पहिल्यांदा ‘एक’, दुसऱ्यांदा ‘ती’. तसंच ‘अ ट्रक हॅज कम. द ट्रक इज फ्रॉम रायपूर.’ सगळीकडे हे पुरत नाही, पण माझे निम्मे मेल त्यात बसले. मग ‘अ’ की ‘ॲन’? कॉलेजच्या पोरांनी ए-ई-आय-ओ-यू म्हणून दाखवलं. मॅडमनी मी आणलेली कोरी बिल्टी वर धरली आणि विचारलं, एलआर, म्हणजे बिल्टीच, घ्या म्हणायचं तर काय म्हणाल? एल तर व्यंजन. तरी ‘ॲन एलआर’, कारण तोंडातून पहिला आवाज ‘ए’ निघतो. ‘ॲन अवर’, कारण एच मुका. पण ‘अ युनिट’, कारण तिथे ‘य’ ऐकू येतो. अक्षर पाहायचं नाही, ऐकायचं. ‘ॲन ई-वे बिल’, ‘ॲन इनव्हॉइस’, ‘अ बिल्टी’. पाच मिनिटांत झालं.

त्याच बिल्टीवर ‘गुड्स’ छापलेलं होतं. मालाची एक पेटी आली तर तिला ‘अ गुड’ म्हणता येत नाही, गुड्स नेहमी अनेकवचनी : ‘द गुड्स हॅव अराइव्ह्ड.’ उलट लगेज, फर्निचर, इक्विपमेंट, इन्फर्मेशन यांना एस लागत नाही. आमच्या गोडाऊनच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं ‘इक्विपमेंट्स’ लिहिलेलं आहे, त्यातलं निम्मं माझ्या हातचं.

पण ज्या तासासाठी मी कोणालाही या क्लासला जा म्हणेन, तो ‘पर्यंत’चा. मराठीत आपण म्हणतो, ‘गाडी शुक्रवारपर्यंत पोचेल’ आणि ‘गाडी शुक्रवारपर्यंत थांबेल’. शब्द एकच. मॅडमनी फळ्यावर खडूने एक आडवी रेघ ओढली, तिच्या टोकाला उभी दांडी काढून ‘शुक्र’ लिहिलं. मग मला पुढे बोलावून म्हणाल्या, थांबलेली गाडी दाखवा. मी रेघेवरून सुरुवातीपासून दांडीपर्यंत बोट सरकवलं. ‘आता पोचलेली दाखवा.’ मी दांडीच्या अलीकडे एक ठिपका दिला. ‘कधीही?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, ‘हो, बुधवारी पोचली काय, गुरुवारी पोचली काय, शुक्रवारच्या पुढे गेली नाही म्हणजे झालं.’ त्या म्हणाल्या, बोट सरकलं तर टिल, ठिपका दिला तर बाय. ‘द ट्रक विल वेट टिल फ्रायडे. द ट्रक विल अराइव्ह बाय फ्रायडे.’ ट्रान्सपोर्टच्या धंद्यात या दोन शब्दांवर हॉल्टिंगचे पैसे ठरतात. मी वीस वर्षं दोन्हीकडे ‘टिल’ लिहीत आलो होतो.

‘पासून’चंही तसंच, फक्त त्याला मला तीन आठवडे लागले. ‘मी २०१३ पासून वाडीला आहे’ आणि ‘मी बारा वर्षांपासून वाडीला आहे’, आपल्याला दोन्ही चालतं. इंग्रजीत सुरुवात सांगितली तर सिन्स, मुदत सांगितली तर फॉर. वर क्रियापदही बदलतं. आपण ‘काम करतो’ म्हणतो, त्यांना तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं, कारण काम मागून चालत आलं आहे. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ या एका वाक्यात माझ्या दोन चुका होत्या.

नर्स ताईंची चूकही मी वहीत लिहून ठेवली आहे, ती माझीच असल्यासारखी. त्या पेशंटला विचारायच्या, ‘डिड यू टूक द टॅबलेट?’ भूतकाळ ‘डिड’ने उचलला आहे, आता ‘टेक’ रिकामा चालेल. ‘डज ही गोज’चंही तेच, एस ‘डज’मध्ये येऊन गेला. मला हे हमालांमुळे पटकन लक्षात राहिलं. एका माणसाच्या वजनाची पेटी दोघं उचलत नाहीत.

दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं एका शब्दाच्या जन्माला. ‘गोडाऊन’ला मी अस्सल इंग्रजी समजत होतो. तो शब्द आपल्या पूर्वेकडच्या भाषांतून पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत गेला आहे, इंग्लंड-अमेरिकेत ‘वेअरहाउस’ म्हणतात. इंग्रजीतलं ‘मंगूस’ तर मराठी मुंगुसावरूनच. त्याचं अनेकवचन ‘मंगूसेस’, ‘मंगीस’ नाही, कारण त्याचा गूज (अनेकवचन ‘गीस’) या पक्ष्याशी संबंध नाही. आपला ‘पगार’, ‘चावी’, ‘बटाटा’ पोर्तुगीज. ‘रिसीट’मध्ये पी का लिहितात ते मला इथे कळलं : मूळ लॅटिन शब्दात पी होता, तो दाखवायला नंतरच्या विद्वानांनी स्पेलिंगमध्ये घातला, उच्चारात तो आलाच नाही. मी आयुष्यभर ‘रिसिप्ट’ म्हटलं आहे. आता काउंटरवर ‘रिसीट’ म्हणतो आणि कोणी हसत नाही.

कमी काय आहे तेही सांगतो. फोनवर बोलण्याचा सराव जवळजवळ नाही. मेल माझा सुधारला, पण चेन्नईहून कोणी भरभर बोलायला लागलं की मी अजून अडखळतो. मॅडमना मी हे दोनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, आधी वाक्य नीट बसू द्या. मला ते पूर्ण पटलेलं नाही. ऐकण्यासाठी महिन्याला दोन तास जरी ठेवले तरी बराच फरक पडेल. व्ही आणि डब्ल्यू, थ्री आणि ट्री, हे उच्चारही वरवर होतात.

‘रिव्हर्ट’वरूनही माझा त्यांच्याशी मतभेद आहे. रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं, उत्तर देणं नव्हे, म्हणून ‘प्लीज रिव्हर्ट’ त्या फळ्यावरून पुसून टाकतात. अर्थ त्यांचा बरोबर आहे. मी स्वतः आता ‘प्लीज रिप्लाय’च लिहितो. पण मला दिवसाला दहा मेल ‘रिव्हर्ट’वाले येतात, देशभरातून. तो शब्द वाचता तर आलाच पाहिजे, आणि समोरच्याची चूक काढून धंदा होत नाही. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करा) याबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. नक्की काय करायचं ते त्या वाक्यात कुठेच नसतं. मी आता ‘प्लीज सेंड द पीओडी बाय फाइव्ह’ असं लिहितो आणि पीओडी, म्हणजे माल मिळाल्याची पोच, येते.

अठरा जण एकत्र असल्याने कॉलेजच्या पोरांना कधी कधी कंटाळा येतो आणि मेसवाल्या ताईंना धाप लागते. बँकेची परीक्षा किंवा परदेशी जाण्याची परीक्षा द्यायची असेल तर इथे वेळ घालवू नका, ते इथे होत नाही. सर्टिफिकेटही नाही. एखादा दिवस बुडाला तर तो परत मिळत नाही, शेजारच्याची वही मागावी लागते. उन्हाळा फार जड जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर टिन, आणि अठरा माणसांना एक कूलर. संध्याकाळी साडेसातलाही शेड तापलेलं असतं. मे मध्ये सहा-सात जण आलेच नाहीत. मॅडमनी या वर्षी वेळ सकाळची करायला हवी होती.

गेल्या आठवड्यात पुन्हा अशीच एक गाडी लागली. पाऊस, संध्याकाळ, खालचा थर नरम. मी मेल लिहिला : ‘द टारपॉलिन वॉज टॉर्न ऑन वन साइड. आय सस्पेक्ट दॅट द बॉटम कार्टन्स आर वेट. वुई विल ओपन देम बाय टेन टुमॉरो मॉर्निंग. प्लीज डू नॉट गिव्ह अ क्लिअर पीओडी टिल देन.’ पाठवण्याआधी मी ‘बाय’वर एक ठिपका कल्पून पाहिला आणि ‘टिल’वर बोट सरकवून. दहा मिनिटांत तिकडून उत्तर आलं : ‘नोटेड. पीओडी ऑन होल्ड.’ सकाळी ११ पेट्या ओल्या निघाल्या, पोचेवर तसा शेरा पडला, क्लेम दाखल झाला.

पाचापैकी चार स्टार देतोय. एक कापलाय तो ऐकण्या-बोलण्याच्या सरावासाठी आणि कूलरसाठी. नवी बॅच महिन्याच्या एक तारखेला सुरू होते, पहिले दोन दिवस नुसतं बसून पाहता येतं. येताना दोनशे पानी वही आणि तुमच्या कामाचा एखादा कोरा कागद आणा : बिल, कार्ड, फॉर्म, काहीही. गाडी गल्लीत लावू नका, शेजारच्यांचं गेट अडतं आणि मॅडमना ऐकून घ्यावं लागतं. चौकातच लावून पायी या, दोन मिनिटं लागतात.